छाटी आणि छत्री

सज्जनगडावरचा वारा पाहुण्याला आधी कानात भेटतो, मग डोक्यावरची टोपी मागतो. पलीकडे ठोसेघर, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, त्या काही हौसेनं नव्हे. अशा ठिकाणी समर्थ रामदासांच्या अंगावरची छाटी उडाली, असं सांगताना आख्यायिकेला फारसे कष्ट पडत नाहीत. खरी गोष्ट त्यापुढे सुरू होते. छाटी कड्याबाहेर गेली, समर्थ ‘छाटी उडाली’ एवढं बोलले, आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामींनी क्षणाचाही विचार न करता कड्यावरून उडी घेतली. छाटी घेऊन ते सुखरूप परत आले. गडावर येणाऱ्यांना धाब्याच्या मारुतीकडच्या कड्याशी नेऊन ही कथा आजही सांगितली जाते. ऐकणारा खाली डोकावतो आणि आपसूक एक पाऊल मागे घेतो.

आकाशातून उडी घेण्याच्या खेळाशी या कथेची सांगड घालणं वरवर पाहता थट्टेचं वाटेल. पण हॉट एअर बलूनमधून उडी घेणारा माणूस ज्या अवस्थेतून जातो, ती समजून घेतली की कल्याणांची कथा नव्यानं अवघड वाटू लागते.

विमानातून बाहेर पडणाऱ्याला विमानाचा वेग आधीच मिळालेला असतो. दारातच वारा त्याला झोडपतो आणि त्या वाऱ्यावर छाती टेकून, हातपाय पसरून त्याला शरीर सावरता येतं. बलूनचं तसं नाही. बलून वाऱ्याबरोबरच वाहत असतो, त्यामुळे टोपलीत उभ्या माणसाला वारा जाणवतच नाही. बर्नर बंद असला तर खालच्या गावातल्या कुत्र्याचं भुंकणंही ऐकू येतं. टोपलीच्या काठावरून सुटलेला माणूस पहिल्या सेकंदात जेमतेम ५ मीटर खाली जातो, दुसऱ्याच्या अखेरीस २०, तिसऱ्याच्या अखेरीस ४४. या पहिल्या क्षणांत धरायला काही नसतं आणि रेलायला हवाही नसते. वेग वाढेल तशी हवा हाताला लागू लागते. दहा-बारा सेकंदांत वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो, आणि मग गंमत अशी की पडत असल्याची भावनाच नाहीशी होते. पोटात खड्डा पडतो तो त्याआधी, त्या निवांत हवेत. पॅराशूटलाही उघडायला वारा लागतो, म्हणून तिथं घाईनं दोरी ओढून फारसा उपयोग नसतो. थोडं पडावंच लागतं.

या दोन-तीन सेकंदांत माणूस कशावर विसंबलेला असतो? धर्मचिंतनाच्या भाषेत हा श्रद्धेचाच प्रश्न आहे, आणि सातारा-सांगलीच्या मुलखाइतका तो दुसरीकडे क्वचितच नाना तऱ्हांनी विचारला गेला असेल.

कल्याणांची उडी कीर्तनात सांगितली जाते ती निःशंक गुरुभक्तीचा कळस म्हणून. चिकित्सक माणूस तीच कथा ऐकून वैतागतो: हे कसलं उदाहरण मुलांपुढे ठेवता? दोघांचीही नजर त्या एका क्षणावर खिळलेली असते. पण परंपरेनं कल्याणांच्या नावावर दोन उड्या लावल्या आहेत, आणि पहिली जास्त बोलकी आहे. त्यांचं मूळ नाव अंबाजी. कऱ्हाडजवळच्या मसूरला रामनवमीच्या उत्सवात मिरवणुकीच्या वाटेत झाडाची एक फांदी आड येत होती. खाली विहीर. अंबाजीनं फांदीच्या शेंड्याकडे बसून बुंध्याकडे कुऱ्हाड चालवावी, अशी आज्ञा झाली. फांदी तुटली, अंबाजी विहिरीत. समर्थांनी वाकून विचारलं, कल्याण आहे ना? आतून होकार आला, आणि तेच पुढे नाव झालं.

मसूरची विहीर आधी, सज्जनगडाचा कडा नंतर, हा क्रम दुर्लक्षून चालत नाही. विहिरीत पाणी होतं आणि काठावर गुरू होता. तिथून कड्यापर्यंत पोचायला या शिष्याला कित्येक वर्षांचा सहवास लागला. समर्थ सांगत गेले आणि कल्याण लिहीत गेले, असा दासबोधाच्या लेखनाचा इतिहास आहे. डोमगावच्या मठाशी जोडलेली दासबोधाची प्रत त्यांच्याच हातची मानली जाते. ओळीमागून ओळ तोलून, सुबक अक्षरात हजारो ओव्या उतरवणारा हा माणूस आततायी असेल, असं मानणं कठीण आहे. शिवाय त्यानं उतरवलेल्या ग्रंथाच्या पाचव्या दशकातच गुरू पारखण्यावर समास आहेत. करामती दाखवणाऱ्यालाही लोक गुरू म्हणतात, पण मोक्ष देणारा सद्गुरू तो नव्हे, असं समर्थ तिथं बजावतात. म्हणजे ज्या शिष्याच्या उडीचं कौतुक होतं, त्याच्याच बोरूनं गुरू तपासून घ्यायची ताकीद लिहिली आहे. कथा सांगणारे हा भाग बहुधा वगळतात.

आणखी एक बारकावा. मसूरला स्पष्ट आज्ञा होती. गडावर समर्थ उडी घे म्हणाले नाहीत. छाटी उडाली, एवढंच म्हणाले. उडीचा निर्णय कल्याणांचा.

आता छाटीकडून छत्रीकडे. २२ ऑक्टोबर १७९७ या दिवशी पॅरिसच्या पार्क मॉन्सोमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ हा फ्रेंच माणूस हायड्रोजनच्या बलूनला टांगलेल्या टोपलीत बसून सुमारे ३,००० फुटांवर गेला आणि त्यानं दोर कापला. वर रेशमी पॅराशूट होतं. ते उघडलं, पण टोपली लंबकासारखी इतकी हेलकावे खाऊ लागली की पाहणाऱ्यांना धडकी भरली. कोंडलेली हवा छत्रीच्या कडांखालून आळीपाळीनं निसटत होती, म्हणून हे हेलकावे. तो वाचला. पुढे छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवलं जाऊ लागलं आणि झोके कमी झाले. भारतात रामचंद्र चटर्जी यांनी १८९० मध्ये कोलकात्यात बलूनमधून पॅराशूटनं उडी घेतली तोवर शंभरेक वर्षांचे असे धडे या कापडात शिवले गेले होते.

गार्नरँ सुखरूप उतरला म्हणून त्याची पहिली छत्री बरोबर होती का? विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये नेमका हा प्रश्न विचारला, जहाजाच्या निमित्तानं. एका जहाजमालकाला आपलं जहाज जुनं झाल्याची शंका येते. दुरुस्तीला खर्च आहे. मग तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी निभावल्या, ही पण निभावेल, आणि परमेश्वर काय या गोरगरीब कुटुंबांची काळजी घेणार नाही? त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक असतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहेच. आणि पुढचं पाऊल महत्त्वाचं: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता, कारण तो विश्वास बाळगण्याचा हक्क त्यानं तपासून कमावलेला नव्हता.

हा निकष कठोर आहे. तो लावला की कल्याण जिवंत परतले, हा भक्तांचा पुरावा एकदम फोल होतो. परतणं हा निकाल झाला. विश्वास योग्य होता की नाही, हे उडीच्या आधीच ठरलेलं असतं. पॅराशूट वापरणाऱ्यांचं सगळं शिस्तशास्त्र याच समजुतीवर उभं आहे. मुख्य छत्रीची घडी घालताना दोऱ्या एकेक करून मोकळ्या केल्या जातात. राखीव छत्रीची घडी परवानाधारक माणसानंच घालायची असते. ठरावीक उंचीखाली माणूस अजून वेगानं पडत असेल, तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र पाठीवर असतं, कारण माणूस बेशुद्ध पडू शकतो, गोंधळू शकतो, चुकू शकतो. माणसाच्या चुकीला आधीच जागा करून ठेवणारी ही साधना आहे. टोपलीच्या काठावर उभ्या असलेल्याला श्रद्धा लागत असेलही, पण तिचा बराचसा खर्च आदल्या दिवशी जमिनीवर, घडी घालताना झालेला असतो.

साताऱ्याला सज्जनगड आहे, तसे नरेंद्र दाभोलकरही याच साताऱ्याचे. १ नोव्हेंबर १९४५ चा जन्म, शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, कबड्डीच्या मैदानावर शिवछत्रपती पुरस्कार, आणि १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांना देवाधर्माचा शत्रू ठरवणाऱ्यांनी त्यांची पुस्तकं बहुधा उघडलीच नाहीत. श्रद्धा ही पारखून घ्यायची गोष्ट आहे, हे त्यांचं म्हणणं. श्रद्धाच नको, असं नव्हे. ज्या श्रद्धेला प्रश्न विचारलेला खपत नाही, तिच्याशी त्यांचं भांडण होतं. कबड्डीत चढाईला जाणारा खेळाडू एका श्वासाच्या भरवशावर परक्या अंगणात शिरतो, पण तो श्वास त्यानं रोज मोजलेला असतो. दाभोलकरांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

याच जिल्ह्यात वाईजवळ बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं. भैरवनाथाला नवस बोललेल्यांपैकी एकाला होळीच्या पौर्णिमेला कौल लागतो. तो बगाड्या. पाच दिवस उपास करायचा, रंगपंचमीला सोनेश्वराजवळ कृष्णेत स्नान करायचं, आणि मग दगडी चाकांच्या अवजड लाकडी गाड्यावर उभारलेल्या शिडाच्या टोकाला त्याला टांगलं जातं. खिल्लारी बैलांच्या जोड्या पाळीपाळीनं जुंपत, शेताशिवारातून, ढेकळांतून, तो गाडा गावापर्यंत ओढला जातो. वर माणूस हवेत झुलत असतो. पूर्वी अशा बगाडांत पाठीच्या कातड्यातून गळ टोचत असत. आता कापडानं घट्ट बांधतात.

गळ जाऊन कापड आलं तेव्हा भैरवनाथ कोपला, असं बावधनमध्ये कोणी म्हणत नाही. गर्दी घटली नाही, नवस थांबले नाहीत. भक्ती होती तशी राहिली, साधन बदललं. हे लहानसं स्थित्यंतर धर्माविषयीच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतं: वेदना हा त्या विधीचा गाभा आहे असं एकेकाळी वाटत असेल, पण प्रत्यक्षात तो नव्हता. उद्या कोणी त्या शिडाचा आणि दोरांचा भार अभियंत्याकडून तपासून घेतला, तरी नवस कमी प्रतीचा ठरणार नाही. मात्र २०२१ मध्ये साथीच्या बंदीतही बगाड निघालं आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. तिथं धोका टांगलेल्या एकट्यापुरता राहिला नव्हता. गाड्याभोवती जमलेल्या हजारोंच्या घरी तो परत जाणार होता.

सांगलीकडे वळलं की प्रश्नाची दुसरी कड लागते. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात दिगंबर जैन समाज मोठा आहे. शेतकरी जैन, सोनं पिकवणारी काळी जमीन, आणि घरोघरी स्वाध्यायाचे ग्रंथ. त्यांतला समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार हा गृहस्थांसाठीचा ग्रंथ. धर्म समजून केल्या जाणाऱ्या भाबड्या गोष्टींना तो लोकमूढता म्हणतो आणि यादी देतो: नदी-सागरातलं स्नान, वाळूदगडांचे ढीग रचणं, अग्निप्रवेश आणि गिरिपात, म्हणजे पुण्यासाठी कड्यावरून पडणं. सज्जनगडाच्या कथेपेक्षा हा ग्रंथ किती तरी शतकं जुना आहे. कड्यावरून देह टाकणं ही त्या काळी केवळ कल्पना नव्हती. धर्मशास्त्रात तिला भृगुपतन म्हणतात, आणि नर्मदेकाठच्या ओंकार मांधाता इथल्या कड्यावरून भैरवाच्या नावानं उड्या घेतल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापर्यंत सापडतात.

गंमत अशी की गिरिपाताला मूढता म्हणणारा हाच ग्रंथ सल्लेखनेची, म्हणजे अन्नपाणी क्रमाक्रमानं सोडून मरण स्वीकारण्याची, वाट मात्र सविस्तर सांगतो. दक्षिण महाराष्ट्रातल्या जैनांना परमपूज्य असलेले आचार्य शांतिसागर १९५५ मध्ये कुंथलगिरीवर याच व्रतानं गेले. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये या व्रताला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी समंतभद्रांनी केलेला भेद विचार करण्याजोगा आहे. शेवट दोन्हीकडे मृत्यूच. फरक वेगाचा आहे. सल्लेखनेत प्रत्येक पायरीवर मागे वळून पाहायला जागा असते, गुरूची परवानगी लागते, मनात क्लेश उठला तर तो दिसतो. कड्यावरून सुटलेल्याला दुसरा विचार करायला वेळ मिळत नाही. मूढता मरणात नाही, जाणीव टाकून देण्यात आहे, असा या मांडणीचा अर्थ लावता येतो. सगळ्या पंडितांना तो मान्य होईल असं नाही.

या निकषावर छत्रीची उडी कुठं बसते? पडणं तेच, उंची कड्याहून मोठी. पण सगळी रचनाच दुसऱ्या विचाराला वेळ मिळावा अशी केलेली. मनगटावर उंची दाखवणारं यंत्र, ठरलेली उंची आली की छत्री, ती बिघडली तर तोडून दुसरी. समंतभद्रांनी याला लोकमूढता म्हटलं नसतं. प्रमाद म्हटलं असतं कदाचित. नाहक जोखमीला जैन विचारात फारशी सूट नाही.

तरीही सगळं तपासून झाल्यावर काही तरी उरतंच. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ ला उत्तर ध्रुवावर उणे ३७ अंशांत, रशियन एमआय-८ हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी. आधी सरावाची एकही नाही. क्लिफर्डनं कपाळाला हात लावला असता. विल्यम जेम्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं मात्र अशांसाठीच एक उदाहरण देऊन ठेवलं आहे. आल्प्समध्ये अडकलेला गिर्यारोहक, पुढे दरी, सुटका फक्त झेप घेऊनच. जमेल असा विश्वास असेल तर पायात बळ येतं आणि जमतं. शंकेनं थरथरत झेप घेतली तर पाय चुकतो. काही सत्यं अशी असतात की त्यांच्यावरचा विश्वासच ती घडवण्यात हातभार लावतो.

जेम्सचं म्हणणं त्या निवांत हवेतल्या सेकंदांना तंतोतंत लागू पडतं. घाबरून हातपाय मारणारा उलटापालटा होतो, विश्वासानं कमान धरून राहणारा स्थिर राहतो. पण एवढंच. विश्वासानं शरीर स्थिर राहतं, शिवण घट्ट होत नाही. महाजनांनी पुढे २००६ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे ११,६०० फुटांवरून उडी घेतली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली, २०२३ च्या नोव्हेंबरात एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. प्रत्येक पायरीला प्रशिक्षण आणि सामग्री वाढत गेली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली तेव्हाची खरी करामत कापड आवरण्याची होती, कारण सुटलेला पदर छत्रीत अडकला तर सौंदर्य राहतं बाजूला. (त्यांचं लग्नही २००८ मध्ये हॉट एअर बलूनमध्ये, ७५० फुटांवर लागलं. ‘सावधान’ ऐकून लग्नमंडपातून निघून गेलेल्या रामदासांना तिथून पळायची सोय नसती.)

मग हेतूचं काय? कल्याणांना छाटी आणायची होती, बगाड्याला नवस फेडायचा असतो. बांगलादेशाच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलजवळ उतरलेल्या दुसऱ्या पॅरा बटालियनला पुंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर हा तिच्या भरतीचा जुना मुलूख. त्या दिवशी विमानाच्या दारातून बाहेर पडणारा जवानही आज्ञेवरूनच उडी घेत होता, कल्याणांसारखा. फरक असा की आज्ञा देणाऱ्या सैन्यानं त्याला आग्र्याला पाठवून पाच उड्या करवून घेतल्या होत्या आणि त्याच्या पाठीवरच्या छत्रीची जबाबदारी घेतली होती. आज्ञा द्यायची तर त्याआधी काय द्यायचं असतं, हे त्यातून कळतं.

हौसेनं उडी घेणाऱ्याला यांतलं काहीच नको असतं. ना छाटी, ना नवस, ना पूल. धर्मनिष्ठ माणसाला हे पोकळ वाटतं. पण वेदान्तालाही हेतूशिवायची कृती अगदीच परकी नाही. पूर्णकाम असलेल्या ब्रह्मानं जग कशाला निर्माण केलं, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांनी दिलेलं उत्तर लीला हेच आहे: काही मिळवायचं नसतानाही खेळ असतो. माणसाच्या खेळाला त्या उंचीवर नेऊन बसवायचं कारण नाही. माणूस पूर्णकाम नाही, त्याच्या मागे घर असतं, विमा असतो, आई असते. तरी हेतू नसला म्हणून कृती हलकी, हा निष्कर्षही घाईचा ठरेल.

आज पाचगणीच्या पठारावरून पॅराग्लायडिंगसाठी खाली झेपावणारे बहुतेक पर्यटक स्वतः काहीच तपासत नाहीत. प्रशिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधलेले असतात, एका कागदावर सही केलेली असते, आणि त्या कागदावरचं बारीक अक्षर कोणी वाचलेलं नसतं. हे शिष्य काही मिनिटांपुरते गुरू करतात. अशा वेळी परीक्षा शिष्याच्या श्रद्धेची उरत नाही, प्रशिक्षकाच्या नीतीची होते: वारा वाढला असताना, पैसे भरून गर्दी खोळंबली असताना, तो आज उड्डाण नाही म्हणतो का?

बलूनच्या पायलटला हा प्रश्न आणखी एका अंगानं पडतो. टोपलीतून ऐंशी किलोंचा माणूस सुटला की बलूनचा तेवढा भार उतरतो आणि तो एकदम वर उसळतो. उडी घेणाऱ्यानं स्वतःपुरता निर्णय घेतलेला असतो, पण वर फेकले जातात ते मागे राहिलेले. म्हणून पायलट आधीच बलून हळूहळू खाली उतरता ठेवतो, कोण कोणत्या काठावरून आणि कोणामागून सुटणार हे ठरवतो, उरलेल्यांना हात धरायला सांगतो. त्यानं मान हलवल्याशिवाय कोणी काठ सोडायचा नाही, आणि त्यानं नकार दिला तर पट्टे आवळून तयार असलेल्यानंही मुकाट्यानं टोपलीतच बसून खाली यायचं असतं.